बरडच्या अलीकडे

वारीहून परतल्यावर भेटलेला प्रत्येक जण मला दिवे घाटाबद्दल विचारतो, आणि दिवे घाट मी ट्रकमध्ये बसून चढले असे सांगितले की त्याचा चेहरा किंचित उतरतो. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांबचा टप्पा आहे. डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला उभे धरणारा सळया-पट्ट्यांचा आधार, आणि उजव्या काखेत कुबडी घेऊन तो चालण्याचा हट्ट मी धरला नाही. कढया, तंबूच्या काठ्या आणि तांदळाची पोती यांच्यामध्ये बसून मी घाट पाहिला आणि आचाऱ्याने दिलेले शेंगदाणे खाल्ले. असे एकूण चार टप्पे मी ट्रकमधून केले. बाकीच्या दिवशी पहाटे तीनला, पालखी हलण्याच्या कितीतरी आधी, मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी निघत असू. दिंडी सोडून असे पुढे जाणे शिस्तीत बसत नाही, परंतु आमच्या विणेकरी बुवांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, "तुमची दिंडी तुमच्यापाशी."

माझा जन्म 1979 चा. चौदा महिन्यांची असताना ताप आला आणि तो उतरला तेव्हा डावा पाय पोलिओने लुळा पडला होता. माझी आई माळकरी होती, आणि त्या वर्षापासून तिने माझ्या पायासाठी वारी धरली. त्यामुळे माझ्या लहानपणातला आषाढ म्हणजे आई घरात नसण्याचा काळ. ती मला आत्याकडे ठेवून जाई, एकादशी झाल्यावर चुरमुरे आणि बुक्का घेऊन परत येई, आणि माझ्या गुडघ्याला बुक्का लावून दुसऱ्या दिवशी काही फरक पडला का ते पाही. शाळेत जाताना कोणी ढकलले, पावसात कॅलिपरचा बूट फुगला, तर ते सांगायला त्या दिवसांत कोणी नसे. पायासाठी देवाकडे जाण्यापेक्षा तू घरी राहा, हे मी तिला कधीच म्हणू शकले नाही. आता ती नाही. तिची माळ माझ्या गळ्यात आहे आणि तो राग अजून पूर्णपणे गेलेला नाही. म्हणून 2024 साली वारीला जायचे ठरवले तेव्हा दोनच गोष्टी पक्क्या केल्या. मुलीला मागे ठेवायचे नाही आणि पायासाठी काही मागायचे नाही. शाळेने रजेबद्दल जे ऐकवले ते ऐकून घेतले.

सामानात आमची एक प्लास्टिकची खुर्ची होती, मधोमध भोक पाडलेली. मला उकिडवे बसता येत नाही, आणि वाटेवर उभ्या केलेल्या फिरत्या शौचालयांच्या पायऱ्या माझ्या गुडघ्याइतक्या उंच असतात, म्हणून ही व्यवस्था. रोज संध्याकाळी ती खुर्ची भाकरीच्या परातींशेजारून उतरवली जाई, आणि रोज एक आजोबा त्यावर नाक मुरडत. त्यांचे चुकत होते असेही मला म्हणता येत नाही. मुलगी ती डोक्यावर घेऊन अंधारात शेताच्या बांधाकडे निघे, आणि मागून मी बॅटरी धरून. पहिले दोन दिवस ती लाजली, तिसऱ्या दिवशी त्याच खुर्चीखाली पावसापासून डोके झाकून ती माझी वाट पाहत उभी होती.

खरा त्रास नमस्काराचा झाला. वारीत जो तो दुसऱ्याच्या पाया पडतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण माझ्याकडे लोक वेगळ्या लगबगीने येत. कोणी कॅलिपरच्या सळईला हात लावून तो कपाळाला लावी, कोणी आपल्या थकलेल्या सुनेला म्हणे, "बघ, ही चालतीये, आन् तुला काय झालंय?" त्या सुनेची नजर मला झेपत नसे. मला वाकता येत नाही. गुडघ्यावरची कडी खाली सरकवली की पाय काठीसारखा ताठ राहतो. म्हणून आमच्यात ठरले होते की समोरच्याला मुलीने दोनदा वाकून नमस्कार करायचा, एकदा स्वतःचा आणि एकदा माझा. लोणंदच्या पुढे एका दुपारी ती वैतागली आणि माझ्या पायाशी आलेल्या गृहस्थांना म्हणाली, "आधी माझे धरा, मीपण चालतेय." मी तिला रागावले. गृहस्थांनी मात्र खरोखरच तिचे पाय धरले, आणि मग ती रडायला लागली.

फलटण सोडले त्याच्या आदल्या रात्री तंबूत पाणी शिरले होते. कॅलिपरचा मांडीवरचा चामडी पट्टा भिजला, सकाळच्या उन्हात चालता चालता वाळला, आणि वाळताना त्याची कड आत वळली. विडणीपर्यंत नुसते हुळहुळत होते. पिंपरदच्या पुढे फोड आला आणि तो फुटलाही. इथे एक सांगायला हवे, कारण डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांचा यात घोटाळा होतो. पोलिओने पाय बधिर होत नाही. स्नायूंना हालवणाऱ्या मज्जापेशी तेवढ्या मरतात. स्पर्श, आग, ठणका हे सारे शाबूत राहते. माझा डावा पाय काम काहीच करत नाही आणि दुखतो मात्र पुरेपूर. रस्ता रुंद झाल्यापासून सावली लांब गेली आहे, मैलाचा दगड हलता हलत नव्हता, आणि पुढे चाललेल्या एका भजनातल्या टाळांचा मला इतका राग आला की ते टाळ ओढून घ्यावेत असे वाटले. मुलीला मी दोनदा विनाकारण ओरडले.

रस्त्याच्या कडेला एक जण बाभळीखाली बसला होता. पोत्यावर आरी, रापी आणि लोखंडी ऐरण मांडलेली, आणि शेजारी पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेले, 'माउलींच्या चपला मोफत'. त्याने माझी चाल लांबूनच पाहिली असावी. "पट्टा काढून द्या, ताई," एवढेच तो म्हणाला.

कॅलिपर सलवारीच्या आत असतो, रस्त्यावर तो काढायचा कसा? तिथेच टेकलेल्या परभणीकडच्या चार बायकांनी काही न विचारता एक लुगडे सोडून आडोसा धरला. त्यांतली एक म्हणाली, "बस की माय, आमीबी बायाच हाव." मी बसले, बक्कले सोडली, आणि मुलीने कॅलिपर बाहेर नेऊन दिला. तो माणूस तोवर रस्त्याकडे पाठ करून बसला होता. त्याने पायाला काय झाले ते विचारले नाही. "ही कडी लई झिजलीया, कवाची हाय?" असे विचारले. मुलीने उत्तर दिले, "माझ्याआधीची आहे." रापीने त्याने वळलेली कड तासली, ऐरणीवर ठोकून सपाट केली, चपलेच्या फोमची पट्टी कापली, तिच्यावर अस्तराचे मऊ कातडे घेतले आणि मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने टाके घालायला सुरुवात केली.

आडोशामागे लुगड्याच्या मालकिणीने माझ्या जखमेवर खोबरेल लावले आणि हळूच विचारले, "पोरीचे पाय चांगले हायेत ना?" हा प्रश्न मला ती पोटात असल्यापासून विचारला जातो, जणू पोलिओ हा गोरेपणासारखा आईकडून येतो. मी तिला सांगितले की तो विषाणूचा आजार आहे, आणि मुलीचा प्रत्येक डोस मी स्वतः पाजून आणला आहे. 2012 मध्ये ती जन्मली तेव्हा देशात पोलिओचा नवा रोगी सापडून वर्ष होऊन गेले होते, तरी डोसाचा रविवार मी एकही चुकवला नाही. एका हातात कुबडी असताना दुसऱ्या हाताने बाळ सांभाळून चालणे मला धोक्याचे वाटे, म्हणून शेजारीण तिला माझ्या पाठीशी ओढणीने बांधून देई. थेंब पाजून परिचारिका डाव्या करंगळीला शाई लावत असे, आणि ती शाई फिकी होईपर्यंत मी त्या करंगळीला साबण लागू देत नसे.

एवढ्यात चौघडा ऐकू आला. रथ येत होता. पहाटेपासून कमावलेले सगळे अंतर त्या तासाभरात संपले होते. आडोसा धरलेल्या दोघी धावत सुटल्या, दोघी लुगडे सावरत थांबल्या. कॅलिपरशिवाय मला उभे राहता येत नाही, त्यामुळे पोत्यावर बसल्या जागी मला माणसांच्या पाठी आणि त्यांच्यावरून सरकत गेलेली छत्री तेवढी दिसली. मला आईची आठवण येईल असे वाटले होते, ती आली नाही. ठणकाच काय तो होता. त्या माणसाने आरी खाली ठेवली, बसल्या जागेवरून हात जोडले आणि लगेच आरी उचलली. दर्शनाला गेला असता तर माझा पट्टा अर्धाच राहिला असता, हे त्याने बोलून दाखवले नाही.

पैसे त्याने घेतले नाहीत. मुलगी वाकली, उठली आणि माझ्या वाटणीचे पुन्हा वाकू लागली, तेव्हा तो म्हणाला, "बास, येकदाच." आणि पुढची चपल उचलली. बरडला, त्या दिवशीच्या मुक्कामाला, पोचलो तेव्हा समाज आरतीची, म्हणजे तळावर सगळ्या दिंड्यांनी मिळून करायच्या आरतीची, वेळ होत आली होती. चोपदारांनी चोप उंचावला, एवढा मोठा तळ क्षणात गप्प झाला, आणि त्या शांततेत माझ्या कॅलिपरची कडी खट्कन वाजली. मुलगी हसू दाबत माझ्या पाठीमागे लपली.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर. वाखरी. पंढरपुरात रांगेला न लागता आम्ही कळसाचे दर्शन घेतले, चंद्रभागेचे पाणी बाटलीत भरले आणि एसटी पकडली. खुर्ची टपावर बांधायला त्या नाक मुरडणाऱ्या आजोबांनीच दोरी दिली.

श्रावणात कॅलिपर दुरुस्तीला नेला. कारागिराने पट्टा उलटसुलट पाहिला, टाके वाकडे आहेत म्हणाला, आणि नवा पट्टा घालायला काढला. मी त्याला फक्त कडी बदलायला सांगितली.