परवानगी कुणी नाकारली?

“तुम्हाला त्या दिवशी आल्प्स ओलांडायची परवानगी का नाही दिली हो त्यांनी?”

हा प्रश्न मला कराडला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, इथे स्वित्झर्लंडात, बाडेनला, गणपतीच्या आरतीनंतर विचारला गेलाय, आणि आत्या तर दर दिवाळीला फोनवर विचारते. मग आवाज जरा खाली येतो आणि पुढचा प्रश्न येतो, “आपण भारतीय म्हणून का?”

एका शनिवारी बाबांना शेजारी बसवून मी छोट्या विमानाने आल्प्स ओलांडायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो, त्याबद्दलचा हा प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. परवानगी कुणी नाकारली नाही. मी मागितलीच नव्हती. मागायची गरजच नव्हती, आणि नेमकं हेच लोकांना पटत नाही.

आकाशाचे, तिथे किती नियंत्रण आहे त्यावरून, वर्ग पाडलेले असतात. स्वित्झर्लंडमध्ये जमिनीपासून २,००० फुटांपर्यंतचं आकाश क्लास जी, त्याच्यावर क्लास ई. आल्प्सच्या पट्ट्यात हे ई फ्लाइट लेव्हल १३० पर्यंत जातं, म्हणजे ढोबळमानाने १३,००० फूट. लष्कराची उड्डाणं बंद असली की १५० पर्यंत. या जागेत डोळ्यांनी बघत उडणाऱ्या, म्हणजे व्हीएफआर विमानाला कुणाचंही क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, लागत नाही. लांबवरचं नीट दिसायला हवं, ढगापासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट अंतर ठेवायला हवं, बस्स. झुरिच इन्फर्मेशन नावाच्या माहिती सेवेशी रेडिओवर, १२४.७ या फ्रिक्वेन्सीवर, बोलायचं ते आपल्याच सोयीसाठी. तिथला माणूस माहिती देतो. जा किंवा जाऊ नका, असं तो सांगत नाही. तो त्याचा प्रांतच नाही.

खरी कटकट असते ती डोंगराच्या अलीकडे. बिरफेल्डच्या आमच्या धावपट्टीवरून उडालं की डोक्यावर झुरिचचं क्लास सी, तिथे मात्र क्लिअरन्स लागतं, म्हणून त्याच्या खालून निघायचं. मग एमेनचा लष्करी तळ, मग बुओख्सचा विमानतळ. यांचे झोन कधी चालू, कधी बंद, त्यामुळे प्रत्येक वेळी रेडिओवर विचारायचं. सकाळी डॅब्स, म्हणजे हवाई क्षेत्राचं रोजचं सूचनापत्रक, उघडून आज कुठे गोळीबाराचा सराव आहे ते नकाशाशी ताडून बघायचं. इटलीत शिरायचं असेल तर मिलानच्या वर क्लास ए, तिथे आमच्यासारख्यांना प्रवेशच नाही. पण आम्ही इटलीत जाणारच नव्हतो. आल्प्सपलीकडे पण स्वित्झर्लंडातच असलेल्या लोकार्नोला उतरायचं, तळ्याकाठी जेवायचं आणि संध्याकाळी परत यायचं. बाकी सगळं रीतसर केलेलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण “काहीतरी कागद राहिला असेल” असाही एक तर्क आमच्या नातेवाइकांत फिरतो.

ऑक्टोबरातला शनिवार होता. बाबा पहिल्यांदाच इकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली, कराड डेपो, कुंभार्ली घाट. माझ्या उजव्या हाताला, हेडसेट लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. क्लबमधला एक मित्र दुसरं विमान घेऊन आमच्या दहा मिनिटं पुढे होता.

लुगानोचा हवेचा दाब त्या सकाळी झुरिचपेक्षा ५ हेक्टोपास्कलनी जास्त होता. इथले वैमानिक ४ ला सावध होतात आणि ८ ला घरी बसतात. मार्गनिहाय हवामान सांगणारं गाफोर नावाचं पत्रक असतं, त्यात आमच्या वाटेवरच्या गोटहार्ड खिंडीसमोर ‘डी’ होतं. डी म्हणजे अवघड. बंद असेल तर ‘एक्स’ येतो. दाबातला हा फरक म्हणजे फ्योन वाऱ्याची चाहूल. दक्षिणेकडून वारा डोंगर चढतो, पाऊस तिकडेच सांडतो आणि आमच्या बाजूला कोरडा, उबदार होऊन खाली कोसळतो. त्यामुळे आमच्या बाजूचं आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं. हवा वाईट आहे असं डोळ्यांना कुठेच दिसत नाही. खाली ऊरीच्या तळ्यावर फेसाळलेल्या लाटा होत्या, एवढीच काय ती खूण.

आल्टडॉर्फला गचके सुरू झाले. वासेनचं चर्च मी बाबांना दाखवलं, त्यांनी मान हलवली. गोशेनेनला बोगद्याच्या तोंडाशी लागलेली ट्रकची रांग मात्र त्यांनी वळून वळून बघितली. तेव्हा मी ९,००० फुटांवर होतो. खिंड २,१०६ मीटरवर, म्हणजे साधारण ६,९०० फूट. खिंडीच्या वर २,००० फूट हाताशी असावेत असं शिकवतात, ते होते. पलीकडचा ढग दोन्ही अंगांना कड्यांवर रेलून बसला होता, पण मधे खिंडीवर मोकळी फट होती आणि फटीतून पलीकडच्या तिचिनो प्रांतातला उजेड दिसत होता. नियमाने बघाल तर सगळं ठीक होतं. दृश्यमानता पन्नास किलोमीटर असेल, ढगापासून अंतरही पुरेसं.

आंडरमाटच्या खोऱ्यावर आलो आणि व्हेरिओचा, म्हणजे विमान मिनिटाला किती फूट चढतंय-उतरतंय ते दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा शून्यावर आला. थ्रॉटल पूर्ण आत, नाक वर, वेग ७५ नॉट, म्हणजे विमान चढतंय अशी सगळी मांडणी. काटा उणे ४००. मग उणे ६००. बाबांच्या मांडीवरची पाण्याची बाटली उडून छताला लागली आणि मागच्या सीटवर जाऊन पडली. आमचं सेसना १७२, १६० हॉर्सपॉवरचं. कागदावर साडेतेरा हजार फुटांपर्यंत जातं, पण आम्ही होतो त्या उंचीवर त्याची चढण्याची ताकद मिनिटाला दोन-तीनशे फूट, आणि हवा त्याच्या तिप्पट-चौपटीने खाली दाबत होती. ८,७००. ८,५००. इंजिन ओरडत होतं. हेडसेटमध्ये बाबांचा आवाज आला, अगदी शांत, “चढंना की रं गाडी.”

८,३०० ला मी वळलो. डावीकडे, तीस अंश तिरकं. त्या वेगाला त्या उंचीवर अशा वळणाला आठशे मीटरच्या आसपास जागा लागते. उर्सेरेनचं खोरं तिथे पूर्व-पश्चिम पसरलंय, जागा होती. तरी बाबांच्या अंगाची बाजू वर गेली आणि माझ्या खिडकीत नुसता पिवळा पडलेला गवताचा उतार आला, तो हलेचना. मग वारा पाठीशी आला आणि आम्ही आलो त्याच वाटेने, रॉइस नदीच्या दरीत, फेकल्यासारखे बाहेर पडलो. रेडिओवर झुरिच इन्फर्मेशनच्या माणसाला सांगितलं, खाली ओढणारी हवा आहे, उत्तरेला परत जातोय. उत्तर आलं, “रॉजर.” शिवाय त्याने कळवलं की आधीचं विमान खिंडीपलीकडच्या ऐरोलो गावाच्या पुढे गेलंय, मध्यम टर्ब्युलन्स सांगितलाय. तो त्याचं काम करत होता. मला मात्र ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

दुपारी मित्राचा फोटो आला. तळं, ऊन, ताटात पोलेंटा.

आता तुम्ही म्हणाल, तो गेला की! हो, गेला. त्याचं विमान १८० हॉर्सपॉवरचं होतं आणि तो आमच्यापेक्षा हजारभर फूट वर होता. तो पोचला याने मी पोचलो असतो हे सिद्ध होत नाही. पण मी पोचलो नसतो, हेही मला कधीच सिद्ध करता येणार नाही. न गेलेल्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं. एका चुलतभावाने मला ऐकवलं की ११० वर्षांपूर्वी लाकूड-कापडाच्या विमानांतून लोक आल्प्सपार गेलेत. गेलेत ना. २३ सप्टेंबर १९१० ला जॉर्ज शावेझ नावाचा वैमानिक सिम्प्लॉन खिंडीवरून पार गेला, डोमोदोसोलाला उतरता उतरता विमान मोडलं आणि चार दिवसांनी तो वारला. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पिझ सेन्यास या स्विस डोंगरापाशी युंकर्स ५२ हे जुनं विमान पडून वीस माणसं गेली. चौकशी अहवालाचं म्हणणं असं की दरीत इतकं खालून आणि अशा वाटेने विमान नेलं होतं की दुसरा मार्गच उरला नव्हता. तिथेही कुणी परवानगी नाकारलेली नव्हती.

बरीच वर्षं मी म्हणत आलो, बाबा शेजारी नसते तर गेलो असतो. हे मला शूरपणाचं वाटायचं. आता ते वाक्य तपासून बघतो तेव्हा दोन्हीकडून अडचण होते. एकटा असतो तर गेलो असतो, याचा अर्थ जाणं इतकं वाईट नव्हतं. मग बाबांना तळं का नाही दाखवलं? आणि जाणं वाईटच होतं, तर एकटा असतो म्हणून का गेलो असतो? आल्टडॉर्फवर दोन चकरा मारून आधीच दहा हजारांवर चढून गेलो असतो, असंही कधीकधी वाटतं. तर कधी वाटतं, खिंड आणखी दोन मिनिटांवर होती आणि ती खालची ओढ कड्याच्या अलीकडेच संपणारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उणे ६०० आठवतं.

परवानगीची गोष्ट बाबांनी सांगितली. कराडला परतल्यावर, मी नसताना. “वरनं परवानगी न्हाई मिळाली.” मला वाचवायला सांगितली की रेडिओवरचं ऐकून त्यांचा तसा समज झाला, मी विचारलेलं नाही. मी ती खोडली नाही, कारण माझ्या सोयीची होती. “भारतीय म्हणून का” याला मात्र मी दर वेळी नाही म्हणत आलोय, कारण ते त्या रेडिओवरच्या माणसावर अन्याय करणारं आहे. या देशात तो प्रश्न रास्त ठरेल अशा जागा मला माहीत आहेत. आकाश त्यात येत नाही.

परवा शेवटी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. क्लास ई, क्लिअरन्स लागत नाही, वगैरे.

“म्हंजे गेला असतास तरी कुणी अडवलं नसतं?”

“नाही.”

“आन परत आलास तेबी कुणी सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“मग लायसन कशाला देत्यात?”

मी समजावायला सुरुवात केली, तोवर त्यांनी फोन आईकडे दिला होता.