जांभळाच्या खोडावरचं दगडफूल

आज महाबळेश्वरच्या रानात एका जांभळापाशी अर्धा तास रमले. खोडावर राखाडी, पानासारखं पसरलेलं, तळहाताएवढं लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव. गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं, पण ते झाडावरही वाढतं हे आईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना!

भिंगातून पाहिलं. कडेला केस नाहीत, मधोमध टाचणीच्या टोकाएवढे असंख्य उंचवटे. कड नखाने हलकेच उचलली, तर खाली काळंभोर, काठाशी तपकिरी पट्टा. जमिनीवर पडलेला एक तुकडा खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचचा थेंब टाकला आणि तो क्षणात लाल झाला. या खुणांवरून जात पटली: पार्मोट्रेमा टिंक्टोरम! खोडावरचं मात्र खरवडलं नाही. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं ते.