लांब सुराचं शेपूट आणि ॲम्पचं अपडेट

गिटारच्या ॲम्पचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, अजून १.४ वरच आहे. २.० येऊन दोन महिने होत आले. लॅपटॉपवरचं ॲम्पचं एडिटर उघडलं की दर वेळी वर पिवळी पट्टी येते आणि मी दर वेळी ती बंद करतो. मागच्या टिपणानंतर तिघांनी एकच प्रश्न विचारला, अपडेट केलंस का? नाही केलं. का नाही केलं आणि त्या नादात घरात काय काय निघालं, ते एकदाच लिहून टाकतो.

आधीचं ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरावाचा छोटा ॲम्प, एकच आठ इंची स्पीकर, आत सगळं डिजिटल मॉडेलिंग (मोठ्या ॲम्पांच्या आवाजाची नक्कल), मागे यूएसबी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि तिच्यातली निम्मी कंपनीच्या माथी मारण्यासारखी नव्हती हे शेवटी कळलंच. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारी चुंबकं), दहाच्या तारा. वाजवतो ते राग आणि जुनी भावगीतं. म्हणजे लांब सूर, तार ओढून घेतलेली मींड, आणि मागे फोनवरचा तानपुरा. मेटल वाजवणाऱ्याने हा निर्णय दोन मिनिटांत घेतला असता.

अपडेटच्या यादीत चार ओळी होत्या. एक नवा डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा इफेक्ट. ब्लूटूथ 'अधिक स्थिर'. नॉइज गेटमध्ये 'सुधारणा'. आणि कायमची ती ओळ, इतर किरकोळ दुरुस्त्या. दुसरी ओळ मला हवी होती. तिसरीने झोप उडवली.

ब्लूटूथचं दुखणं जुनं. फोनवरून तानपुरा लावला की दर चार-पाच मिनिटांनी गचका. पंचमावर बोट टेकलंय, डोळे मिटलेत, आणि तानपुरा अर्धा सेकंद गायब. मैफलीत तानपुऱ्यावर बसलेल्याने असं केलं असतं तर गवयाने नुसतं मागे वळून पाहिलं असतं आणि ते पुरलं असतं. फोनला कोण बघणार?

आणि गेट. सिंगल कॉइलला विजेची घूं असतेच, म्हणून माझ्या क्लीन पॅचमध्ये (स्वच्छ आवाजाची सेव्ह केलेली सेटिंग) गेट कायम चालू. ते काम कसं करतं ते सगळ्यांना माहीत आहे: आवाज एका मर्यादेखाली गेला की दार बंद. घूं जाते. पण सूर विरत विरत त्याच मर्यादेपाशी येतो, आणि दाराला सूर कुठला आणि घूं कुठली हे कळत नाही. दोन्ही बाहेर. त्यामुळे थ्रेशोल्ड (ती मर्यादा) आणि रिलीज (दार किती हळू बंद व्हावं) बसवायला मी मागच्या पावसाळ्यात अक्षरशः पंधरा-वीस संध्याकाळी घालवल्यात. ज्यांच्या गाण्यावरून इंदूर घराणं ओळखलं जातं ते उस्ताद अमीर खाँ १९७४ साली गेले. त्यांचं अतिविलंबित ऐकलंय का? दोन स्वरांच्या मधे केवढी जागा! त्याच इंदुरात बसून सुराचं शेपूट कापायचं म्हणजे मला जरा पाप वाटतं. तेव्हा कुठल्याशा इंजिनिअरने केलेली 'सुधारणा' माझ्या पंधरा संध्याकाळींवर बोळा फिरवणार असेल तर आधी ऐकायला हवं ना.

अपडेटच्या विरोधात मी नाही. बॉस कंपनीच्या पहिल्या कटाना ॲम्पला पुढच्या फर्मवेअरमधून बरंच नवीन मिळालं, आणि ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचं नुकसानच झालं. शिवाय अर्ध्यात लाइट गेली तर ॲम्पची वीट होईल, म्हणजे तो कायमचा बंद पडेल, ही सगळ्यांची पहिली भीती, तीही मला फारशी नाही. फर्मवेअर चिपमध्ये लिहिताना आधीचं पुसून मग नवीन लिहितात. मधेच वीज गेली तर जुनं गेलेलं आणि नवं आलेलं नाही, अशी त्रिशंकू अवस्था होते हे खरं. पण नीट बनवलेल्या वस्तूत चालू होण्यापुरता छोटा प्रोग्रॅम वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेला असतो, त्याला हात लागत नाही, पुन्हा प्रयत्न करता येतो. तरी करायचंच तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, लॅपटॉप झोपणार नाही असं बघा, हबमधून न जाता केबल सरळ लावा. आणि केबल डेटाची आहे ना ते आधी तपासा. प्रिंटरची जुनी केबल उत्तम.

खरी भीती वेगळी. कंपनी जुन्या फर्मवेअरची फाइल ठेवत नाही. १.४ चा पॅच २.० मध्ये उघडतो, २.० मध्ये सेव्ह केलेला १.४ मध्ये उघडत नाही. एकदा गेलं की मागे फिरता येत नाही.

आता दादा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, सुदामानगरला राहतो, ॲम्प डिट्टो माझाच, माझं बघूनच घेतलेला. अपडेट आल्या दिवशी रात्री बारा वाजता करून मोकळा झाला. आठवड्याने फोन.

"अरे, तुझा तो क्लीनचा पॅच बिघडला बहुतेक. सूर लांबवला की शेवटी कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं."

"दादा, गेटला हात लावलास का?"

"मी कशाला लावू? तू दिलास तसाच आहे."

मग काय. म्हटलं घेऊन ये ॲम्प, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

पहिल्या दिवशी आम्ही मूर्खपणा केला. एक वाजवायचं, मग दुसऱ्यावर वाजवायचं, मग "हा जरा गोड आहे ना?" असं एकमेकांना विचारायचं. अर्ध्या तासाने लक्षात आलं की दादाच्या ॲम्पचा आवाज केसभर मोठा होता. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. शिवाय बोट दोनदा सारखं पडत नाही. फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगचं तर विचारू नका, सकाळी केलं त्यात सारंगच्या निषादावर कचरागाडीचं गाणं आलंय. सुरात होतं, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी नीट केलं. माझ्या ॲम्पच्या यूएसबीवर गिटारचा कोरडा सिग्नल, म्हणजे ॲम्पने अजून हात न लावलेला, वेगळा मिळतो. तो रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये एकदाच रेकॉर्ड केला: आठ लांब सूर, चार मींड, थोडी छेड. मग तोच कोरडा ट्रॅक यूएसबीतून परत ॲम्पमध्ये सोडला आणि तयार झालेला आवाज पुन्हा रेकॉर्ड केला. हवा नाही, स्पीकर नाही, बोट नाही. आधी माझ्याच ॲम्पमधून दोनदा. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक, एकाची फेज उलटी, म्हणजे लाट उपडी. दोन्ही अगदी सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता उरते.

उरली नाही. सुरुवातीचा ठोका जवळून पाहिला तर दुसरा ट्रॅक काही सॅम्पलनी मागे. लाट दिसेपर्यंत झूम करून सरकवला. तरी मागे काहीतरी तरंगत होतं. ते कोरस निघालं, आवाज डोलवणारा इफेक्ट. कोरसचा झोका दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होतो, तो कधीच जुळणार नाही. कोरस बंद, रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी गुंज) बंद. आता शांतता. म्हणजे पद्धत बरोबर आहे.

मग माझा १.४ आणि दादाचा २.०. चार पॅच. तिन्ही ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे फाटक्या आवाजाच्या, पॅचमध्ये जवळजवळ काही उरलं नाही, मीटर तळाला. म्हणजे ॲम्पचे मॉडेल त्यांनी बदललेले नाहीत. 'नवीन व्हर्जनचा टोन जास्त गरम आहे' असं कुणी सांगितलं तर त्याला हे सांगा. चौथा क्लीनचा. प्ले दाबलं. सूर सुरू होतो तिथे शांतता, मधे शांतता, आणि शेवटी, प्रत्येक सुराच्या शेवटी, अगदी बारीक असं हुंऽऽ. आठ वेळा. मधलं सगळं गाळून नुसती शेपटंच कुणीतरी कात्रीने कापून रांगेत मांडावीत तसं. दादा म्हणाला, "हेच, हेच माझ्याकडे ऐकू येत नाही."

बरोबर होतं त्याचं. नव्या गेटचं दार त्याच आकड्याला लवकर आणि झटकन बंद होतं. मेटलवाल्यांना आवडेल.

इथे निर्णय झालाच होता. पण एक प्रश्न राहिला. गेट मुळात इतकं वर का लावावं लागलं मला?

घूं दोन प्रकारची असते. एक चुंबकीय. भारतात ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी, सिंगल कॉइल ती अँटेनासारखी पकडते. गिटार हातात धरून गोल फिरलात की कमी-जास्त होते, आणि मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला की जवळजवळ जाते. दुसरी जरा करकरीत, तारांना हात लावला की कमी होणारी. तसं बहुतेक गिटारींत थोडं होतंच. माझ्याकडे थोडं नव्हतं. हात लावला की शांत, उचलला की मधमाशांचं पोळं. मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो.

आमचं घर रामबागेतलं, आजोबांच्या वेळचं वायरिंग, वरून कुणी कुणी तीन पिनांचे बोर्ड बसवत गेलेलं. वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रल, बल्ब पेटला. फेज आणि अर्थ, बल्ब ढिम्म. बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर होती खरी, पण चार बोटांवर तोडून तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली. कुठेच जात नव्हती.

"भिया, ये तो दिखाने का अर्थिंग है," तो म्हणाला.

(हा बल्बचा प्रयोग घरी करू नका. ज्याचं काम त्यालाच करू द्या. आणि जुन्या घरात राहत असाल तर ॲम्प राहू दे, फ्रिज आणि गीझरसाठी तरी एकदा बघून घ्या.)

मीटरपासून नवीन अर्थची वायर ओढली, अर्ध्या दिवसाचं काम. संध्याकाळी गिटार लावली, गेट बंद केलं, तारांवरचा हात काढला. मधमाश्या गेल्या. राहिली ती फक्त खालची जाड घूं, तीही ट्यूबलाइट बंद करून खिडकीकडे तोंड केलं की सोसवेल इतकी. रीपरमध्ये नुसता शांतपणा रेकॉर्ड केला, मीटर आधीपेक्षा दहा-अकरा डेसिबल खाली. पंधरा संध्याकाळी मी ज्याच्याशी झुंजत होतो ते बोर्डामागे टेप गुंडाळून बसलं होतं.

तेव्हा क्लीन पॅचमधलं गेट आता बंद. मग अपडेट करायला हरकत काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. केबल काढून ठेवली होती, इन्व्हर्टरचं बटणसुद्धा फिरवलं.

बाबा आत आले. तानपुऱ्याचा गचका त्यांनाही रोज ऐकू येतो. म्हणाले, "त्या ब्लूटूथसाठी एवढं चाललंय? मागे ते छोटं भोक आहे त्यात वायर का नाही लावत?"

ऑक्स इन, बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायची जागा. दोन वर्षं आहे तिथे. फोनला साडेतीन एमएमची जागा नाही म्हणून मी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. जेल रोडवरून टाइप-सीचं छोटं कनेक्टर आणि एक केबल आणली, दोन्ही मिळून अडीचशेच्या आत. काल रात्री सलग पन्नास मिनिटं यमन. तानपुरा एकदाही हलला नाही.

म्हणजे यादीतल्या चार ओळींपैकी मला हवी ती वायरने मिळाली, नको ती मला लागतच नाही, उरला एक डिले आणि किरकोळ दुरुस्त्या. त्यासाठी परत न फिरता येणाऱ्या रस्त्याला कोण लागतं? १.४ चे सगळे पॅच दोन जागी कॉपी करून ठेवलेत, एडिटरचं आपोआप अपडेट होणं बंद केलंय, कारण एडिटर पुढे गेलं आणि ॲम्प मागे राहिला की दोघांचं बोलणं बंद होतं. नवा डिले फारच चांगला आहे असं कुणी ऐकवलं तर पुन्हा विचार करू.

दादाचा ॲम्प अजून माझ्याकडेच होता. त्याला मागे जाता येत नाही, म्हणून नव्या गेटचे आकडे शोधून द्यायचं मी कबूल केलं होतं. काल तेच करायला बसलो आणि लक्षात आलं, की सुदामानगरचं त्याचं घर नवीन, अर्थिंग व्यवस्थित. त्याच्या पॅचमधलं ते गेट माझ्या बोर्डासाठी बसवलेलं होतं. त्याला त्याची गरजच नव्हती. बंद केलं, सूर शेवटपर्यंत विरत गेला, फोन लावला.

"म्हणजे," दादा म्हणाला, "वर्षभर मी तुझ्या घरची अर्थिंग वाजवत होतो?"

ॲम्प बॅगेत भरून ठेवलाय. रविवारी येतोय न्यायला.