माझा नवरा कोण? विचारा हेझलनटला

हॅलोविन म्हटलं की भोपळे आणि भुतं डोळ्यांसमोर येतात, पण आयर्लंडच्या खेड्यांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री पोरींना पडलेला प्रश्न वेगळाच असायचा, लग्न कोणाशी होणार आणि मुळात होणार की नाही. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वह्यांमध्ये हे सगळं लिहून ठेवलंय, त्या वह्या आता ऑनलाइन आहेत, आणि एकदा वाचायला बसलं की उठवत नाही.

नटचा खेळ घ्या. चुलीच्या कडेला दोन हेझलनट शेजारी शेजारी ठेवायचे, एकाला मुलीचं नाव, एकाला मुलाचं. दोन्ही शांतपणे जळले तर जमलं, एखादा फट्कन उडाला तर विषय संपला. आता सगळं घर विस्तवाभोवती बसलंय आणि कुठल्या नटला कोणाचं नाव द्यायचं हे मैत्रिणी ठरवतायत, म्हणजे एरवी जे कोणी तोंडावर बोललं नसतं ते चारचौघांत बोलून मोकळे! भविष्य वगैरे सगळं निमित्त हो, खरी मजा त्या पोरीचा चेहरा बघण्यात असणार.

सफरचंदाचं साल अखंड सोलून खांद्यावरून मागे टाकायचं, जे अक्षर पडेल त्या नावाचा नवरा. साल पडून पडून पडणार एस नाहीतर सी, त्यामुळे शॉन, शेमस आणि कॉलम यांची चंगळ. खारवलेला हेरिंग मासा खाऊन पाणी न पिता झोपायचं आणि स्वप्नात पाणी आणून देईल तो आपला, हाही प्रकार होता.

बशांचा खेळ मात्र अंगावर येतो. डोळ्यांना पट्टी, समोर बशा, एकीत अंगठी, एकीत पाणी, एकीत माती. हात अंगठीवर पडला तर लग्न, पाण्यावर पडला तर समुद्रापार परदेशी, मातीवर पडला तर मरण. घरात हसत खेळत हे चालायचं. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात जिथे साधारण दहा लाख माणसं गेली आणि तितकीच बोटीत बसली, तिथे या तीन बशा काही उगाच मांडलेल्या नव्हत्या.

आणि बार्मब्रॅक, मनुके घातलेला गोडसर ब्रेड. त्यात अंगठी, नाणं, चिंधी, काठीचा तुकडा लपवायचे. चिंधी आली तर गरिबी, काठी आली तर नवरा मारकुटा. आता दुकानातल्या ब्रॅकमध्ये बहुतेक नुसती अंगठीच असते. काठी गेली ते बरंच झालं, चिंधी मात्र ठेवायला हवी होती.