माळा

जिंतूर, मंगळवार रात्र

हनोईहून येऊन चार दिवस झाले, पाय अजून सुजलेलेच. संध्याकाळी आजीला मोबाइलवरचे फोटो दाखवत बसले. व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांच्या लाकडी घराचा फोटो आला आणि ती म्हणाली, "हा तर माळा हाय की. जोंधळ्यातली पाखरं राखायचा."

तिथं उभं असताना मला हे सुचलंच नाही. खाली नुसते खांब नि मोकळी जागा, वर दोन छोट्या खोल्या. एकीत पलंग, दुसरीत टेबल नि पुस्तकं. खालच्या लांब टेबलाशी देशाच्या बैठका व्हायच्या. हाकेच्या अंतरावर फ्रेंच गव्हर्नर जनरलचा पिवळाधमक राजवाडा. त्यात राहायला ते तयार झाले नाहीत. १९५४ पासून आवारातच एका इलेक्ट्रिशियनच्या घरात राहिले, १९५८ मध्ये या माळ्यावर आले. त्याच वर्षी ते भारतातही येऊन गेले होते. राजेंद्रप्रसादांनी दिलेला बोधिवृक्ष तिथून जवळच, एकखांबी पॅगोड्यामागं आहे. त्याचं एक पान उचलून आणलंय, डायरीत ठेवते.

खरं सांगायचं तर आधी मला सगळं सजवलेलं वाटलं. चकचकीत फळ्या, गाइडची पाठ केलेली वाक्यं. पुढाऱ्याचा साधेपणा म्हटलं की आपलं तोंड आधीच वाकडं होतं! तळ्यातल्या माशांना ते टाळ्या वाजवून खायला बोलवायचे म्हणे. आमच्या ग्रुपमधल्या काकांनी लगेच वाजवून पाहिल्या. एकही मासा फिरकला नाही. मला उगाच बरं वाटलं.

समाधीचं मात्र खटकलं. देह जाळा, राख उत्तर, मध्य आणि दक्षिण भागात पुरा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. गेले १९६९ मध्ये. देह अजून काचेत.

आजीला हे सांगितलं. "मंग सुटला न्हाई म्हन बिचारा," एवढंच म्हणाली. मग माळ्याचा फोटो पुन्हा काढायला लावला.

"रझाकाराच्या साली आमचा बा माळ्यावरच निजायचा. पाखरांसाठी न्हवं. रस्ता दिसायचा तिथून." एका रात्री तिथूनच हाक आली आणि सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेले. आजी तेव्हा सात वर्षांची. इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती.

माळा नेमका कुठं होता, विचारलं.

"इहिरीच्या वरल्या अंगाला. आता सोयाबीन हाय तिथं."