स्क्रायबसच्या भरवशावर त्रैमासिक : माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाची अक्षरजुळणी वर्षानुवर्षे पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये होत असे. १९८५ साली आल्डस कंपनीने आणलेला आणि १९९४ मध्ये अडोबीकडे गेलेला हा प्रोग्राम २००१ मधील सातव्या आवृत्तीपाशी थांबला आणि युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरसंकेतापर्यंत कधी पोहोचलाच नाही. नवा प्रोग्राम निवडण्याचे काम माझ्याकडे आले. इनडिझाइनसारख्या प्रोग्रामचे दरमहा भाडे भरणे परवडणारे नसल्याने मी स्क्रायबस हा मांडणीचा मोफत प्रोग्राम सुचवला, तेव्हा संपादक मंडळाने एकच प्रश्न विचारला : हाही उद्या बंद पडला तर?

शंका रास्त होती. स्क्रायबस मूठभर स्वयंसेवक चालवतात, त्याची १.४.० ही स्थिर आवृत्ती २०१२ च्या जानेवारीत आली आणि त्यानंतरची मोठी स्थिर आवृत्ती १.६.० थेट २०२४ च्या जानेवारीत. बारा वर्षांचे हे अंतर पाहून मीही बिचकलो. मात्र जुन्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत आणि ती जुळवणारी नवी यंत्रणा याच काळात बसवली गेली, हे लक्षात आल्यावर त्या अंतराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. माझा निर्णय मात्र फाइलीमुळे झाला. स्क्रायबसची फाइल एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा खुणांच्या गर्दीत आमचे संपादकीय सरळ वाचता आले. प्रोग्राम उद्या थांबला, तरी मजकूर अडकून पडणार नव्हता.

खरे कष्ट पडले ते जुन्या मजकुराच्या युनिकोडमधील रूपांतरात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. रूपांतरक बहुतेक मजकूर सांभाळतो, पण ‘दुसऱ्या’, ‘वर्षांनी’, ‘मार्मिक’ अशा शब्दांवर अडखळतो, त्यामुळे प्रत्येक लेखाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागले. (जुन्या अंकांत राहून गेलेल्या चुकाही या निमित्ताने सापडल्या, हा वेगळाच लाभ.) त्या मानाने छपाई सोपी गेली : काळा मजकूर केवळ काळ्या शाईतच राहील याची खात्री करून पीडीएफ/एक्स-३ या छपाईसाठीच्या प्रमाणित स्वरूपातली फाइल दिली आणि छापखान्याने कोणताही प्रश्न न विचारता प्लेटा काढल्या.

उणीव आहे ती माणसांची. आमच्याकडचे डीटीपी ऑपरेटर पेजमेकर, कोरल किंवा इनडिझाइन जाणतात; स्क्रायबस शिकलेला कोणी मिळत नाही आणि माझ्या मते या प्रोग्रामला खरा धोका इथेच आहे. म्हणून मांडणीच्या शैली एका साच्याच्या फाइलीत बांधून मी दोन तरुण सदस्यांना ते काम शिकवले आहे. शिवाय प्रत्येक अंकाची पीडीएफ, स्क्रायबसची फाइल, वापरलेले फॉन्ट आणि साधा युनिकोड मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवण्याचा ठराव मंडळाने केला आहे.