गंज, कसर आणि मन

समुद्राकाठी राहणाऱ्याला लोखंडाची चाकरी चुकत नाही. वसईच्या किनारपट्टीवर पाऊस सरला की खिडक्यांचे गज पॉलिश पेपरने घासायचे, त्यांवर रेड ऑक्साइडचा हात मारायचा, मग तैलरंग चढवायचा, आणि पुढच्या वर्षी हे पुन्हा करायचे आहे हे गृहीत धरूनच करायचे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ लोखंडावर बसते, हवेतली ओल धरून ठेवते आणि रंगाला जिथे बारीकशी चीर गेली असेल तिथून गंज आत शिरतो. कपाटातही निराळे काही घडत नाही. आजीचे लग्नातले लुगडे डांबराच्या गोळ्या घालून जपले, तरी घडीवर कसर लागायची ती लागतेच.

म्हणूनच कसर आणि गंज जिथे नाश करतात, चोर जिथे घर फोडतात, त्या पृथ्वीवर धन साठवू नका, स्वर्गात साठवा, असे बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात रूपक म्हणून काही शोधावे लागत नाही. मला अधिक अडवते ते त्यापुढचे वाक्य: जिथे तुझे धन, तिथे तुझे मनही असेल. मन आधी कुठेतरी जडते आणि पैसा त्याच्या मागून जातो, अशी आपली समजूत असते. येशूने क्रम उलटा लावला आहे. जमीन घेतलेल्या माणसाला प्रार्थनेसाठी गुडघे टेकल्यावरही हद्दीचा दगड आठवतो, हे वसईत कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. येथे गुंठ्याचा चालू भाव मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच कळतो. तेव्हा मन वर लावायचे, असे नुसते ठरवून भागणार नाही. आपले काहीतरी आधी तिकडे ठेवावे लागेल. काय ठेवायचे, हेही मोघम नाही. लूकच्या शुभवर्तमानात हीच शिकवण येते तेव्हा, जे आहे ते विका आणि दानधर्म करा, असे सरळच म्हटले आहे, आणि बहुधा त्यामुळेच मत्तयचा उतारा आम्हाला अधिक प्रिय असावा.

स्वर्गाकडे मन लावणे म्हणजे होडी, जाळी आणि वाडी टाकून आभाळाकडे बघत बसणे, असा अर्थ काढणारे भाविक असतात, आणि तोच अर्थ धरून धर्माला नावे ठेवणारेही असतात. दोघांनीही बायबलमधल्या, प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय पुढे वाचायला हवा. वरील गोष्टींकडे मन लावा, पृथ्वीवरील गोष्टींकडे नको, असे सांगून पौल थांबत नाही. पृथ्वीवरच्या म्हणून तो ज्या गोष्टी मोजतो, त्यांत घर, शेत, होडी यांपैकी काहीच नाही. जारकर्म, राग, निंदा, खोटे बोलणे आणि लोभ आहे, आणि लोभाला तर तो मूर्तिपूजाच म्हणतो. नव्या माणसाने काय धारण करावे, तर करुणा, ममता, नम्रता, सौम्यता, सहनशीलता. म्हणजे ज्याला वरचे म्हटले, ते सारे शेजाऱ्याशी वागतानाच कामाला येणारे आहे. हे पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे, हेही लक्षात ठेवावे.

वसईच्या किल्ल्यात धनाचा आणि मनाचा हा हिशेब उघड्यावर मांडलेला आहे. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत येथे वाडे, कोठारे, मठ आणि चर्चे उभी राहिली. आज त्यांतल्या बहुतेक भिंतींवर छप्पर नाही. पावसाने कोठार आणि देऊळ असा भेद केलेला नाही, ही गोष्ट भाविकांनीही मान्य करावी.

याच वसईत सोळाव्या शतकात जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला आम्ही संत म्हणून मानतो. वधस्तंभावर आलेल्या त्याच्या मरणाबद्दल प्रवचनात पुष्कळ ऐकायला मिळते. त्याच्या दुकानदारीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तरुणपणी तो येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारात पडला आणि चांगला जम बसवला. तो बुडालेला नव्हता, कर्जबाजारी नव्हता. धंदा चालू असताना त्याने तो सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन या संन्यस्तांच्या संघात साधा बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली संघाचे लोक जपानला निघाले, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. गोन्सालो त्यांच्याबरोबर गेला, आणि बाजारात ज्या जपानीत त्याने वर्षानुवर्षे मालाचे भाव केले होते, त्याच जपानीत आता तो या लोकांचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे बोलणे लोकांना समजावून सांगू लागला.